लेटी डेकरचं ‘हो’

मांसाच्या काउंटरपाशी मार्टिन ह्लावाती एवढंच म्हणाला होता, “एक पौंड द्या, कोकराचं, मुरवलेलं,” आणि त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, “अगंबाई, हा तर रेडिओ!” त्याला याची सवय होती. चेहऱ्यावरून त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन शहरात कुणी ओळखत नसे. चेहरा तसा लक्षात राहण्यासारखा नव्हताच, पावसात भिजलेल्या लिफाफ्यासारखा जरा सैल. पण तोंड उघडलं की बँकेत, दवाखान्यात, एकदा तर स्वतःच्या मावशीच्या अंत्यविधीत लोक मान वळवून बघायचे, कारण गेली कित्येक वर्षं संध्याकाळी भांडी घासताना हा आवाज त्यांच्या स्वयंपाकघरात असायचा. तो वळला. ढकलगाडीत कोबीचे पाच-सहा गड्डे घेऊन एक गोल, तरतरीत बाई उभी होती. चर्चच्या जेवणाला कोबीत भात-खिमा गुंडाळायचा असणार, हे गड्डे बघूनच त्याला कळलं. “मी वाँडा सिकोरा,” ती म्हणाली. “तुम्ही मागं लेटी डेकरला रेडिओवर घेतलंत ना? त्या गॅसच्या भानगडीत? ती आमच्या चर्चची.” मार्टिन म्हणाला, “हो, फार छान बोलल्या त्या.” “तेच तर म्हणते मी,” वाँडा म्हणाली, “ती लेटी नव्हतीच.” त्याला वाटलं बाई चेष्टा करतेय. “आवाज तिचाच हो, त्यात वाद नाही. पण लेटी असं फटकन ‘हो’ म्हणेल? तिला कॉफीत साखर घालू का विचारलं, तरी ती आधी खिडकीबाहेर बघून येते. तोवर आमचा केक खाऊन होतो.” ती स्वतःच हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, “ओरिन तिच्याशी बोलत नाही त्या दिवसापासून. तिचा भाऊ. रोजचं रात्रीचं जेवण तिच्याकडं असायचं त्याचं, आता डबाबंद सूप पितो म्हणे. या वयात. बरं, कार्यक्रम चांगला असतो हं तुमचा. मी केंद्राला वर्गणी भरते.” आणि गड्डे घेऊन ती पावाच्या रांगेकडे निघून गेली.

मांसाचं पुडकं मांडीवर घेऊन तो गाडीत बसून राहिला. पुडकं गार होतं, व्हिनेगर आणि पुदिन्याचा वास त्यातून यायला लागला होता, आणि त्याला ती जागा आठवत होती. लेटीची नव्हे, पडद्यावरची. माणूस बोलतो तेव्हा संगणकाच्या पडद्यावर डोंगर उठतात आणि गप्प बसतो तेव्हा सपाट रेघ येते. मार्टिनचं निम्मं आयुष्य त्या सपाट रेघा कापण्यात गेलं होतं. ‘अं’ कापायचे, ‘म्हणजे कसं’ कापायचं, घसा साफ केलेला कापायचा, श्वास मात्र एखादा ठेवायचा, नाहीतर माणूस भुतासारखा बोलतो. या धंद्यात याला कुणी लबाडी म्हणत नाही. चारचौघांत नेण्याआधी पाहुण्याच्या कोटावरचा दोरा झटकावा, तसं ते बोलणाऱ्यावर केलेलं उपकाराचं काम समजतात. आणि मार्टिनचा हात असा बसलेला होता की त्याची शिवण कुणाला सापडत नसे. लेटीची रेघ लांब होती. इतकी लांब की त्याला आधी वाटलं यंत्र बंद पडलं. मग रेघेच्या टोकाला एक छोटासा, एकटाच डोंगर दिसला. ते तिचं ‘हो’ होतं. त्यानं मधली रेघ उचलली, दोन्ही कडा जुळवल्या, एकदा ऐकलं. “राज्यानं परवानगी दिली, तर तुमच्या शेतात गॅसची विहीर खोदू द्याल?” “हो.” दारावर टिचकी मारावी आणि दार उघडावं, तसं. तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, आणि आता गाडीत बसल्यावर त्याला हेच खुपत होतं, की नुसतं काम झाल्यासारखं नव्हे, तर चांगलंच बरं वाटलं होतं.

का वाटलं होतं, हे त्याला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि स्वतःशी कबूल करणं यांत बरंच अंतर असतं. त्या बातमीत चार माणसं हवी होती, दोन गॅसच्या बाजूची, दोन विरोधातली. सार्वजनिक रेडिओ म्हटला की तराजू आलाच. दोन्ही पारडी समसमान दिसली पाहिजेत, मग वजन खरं असो वा नसो. विरोधातली माणसं पायलीला पन्नास मिळत होती. कॉलेजातले प्राध्यापक, न्यूयॉर्क शहरातून येऊन इथं जुनी घरं घेतलेली मंडळी, यांची वाक्यं घरूनच इस्त्री करून आणलेली असायची. बाजूनं बोलणारे जमीनमालक संघाचे पुढारी तर रस्त्यावरच्या फलकासारखे बोलायचे. मार्टिनला एक साधं माणूस हवं होतं, ज्याची खरोखर चाळीस गायींची धार होती आणि आता दहा उरल्यात, ज्याच्या छपराला पाणी लागलंय, आणि जे सरळ ‘हो’ म्हणेल. वर्षानुवर्षं राज्य सरकार ठरवतच होतं. खाली राज्याच्या रेषेपलीकडे पेनसिल्व्हेनियात विहिरी उभ्या राहिल्या होत्या, रात्री त्यांच्या ज्वाळा टेकडीवरून दिसायच्या. तिकडच्या लोकांना नवी छपरं आली, नवे ट्रक आले, आणि कुणाकुणाच्या नळाला गढूळ पाणीही आलं. रेषेच्या अलीकडे नुसत्या पाट्या. एका अंगणात ‘आमचं पाणी, आमचा हक्क’, शेजारच्या अंगणात ‘आमची जमीन, आमचा हक्क’. शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली की लोक लग्नात बसावेत तसे दोन बाजूंना बसायचे, आणि मधल्या वाटेवरून फक्त मार्टिन आणि त्याचा माईक जाय-ये करायचा. जमिनीत मैलभर खाली पाणी, वाळू आणि रसायनं दाबानं ठासायची, खडक फोडायचा आणि त्यातला वायू वर आणायचा, एवढीच ती गोष्ट. पण लोक म्हणायचे, खडक फुटायचा तेव्हा फुटेल, घरं मात्र आधी फुटली.

डेकरांचं घर फुटल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्याला आठवत होतं ते लेटीचं स्वयंपाकघर, टेबलावरचं मेणकापड, त्यावर सुरीनं पडलेले जुने चरे. लेटी सत्तरीच्या पुढची, लग्न न केलेली, हातानं मोठी, आवाजानं बारीक. रस्त्यापलीकडच्या छोट्या घरात ओरिन राहायचा, बायको गेल्यापासून एकटाच. वडिलांनी शेत दोघांच्या नावे ठेवलं होतं. त्या दिवशी ओरिन शेगडीजवळच्या खुर्चीत मोज्यांवर बसला होता, बूट दाराशी, आणि मार्टिन त्याला म्हणाला होता, “मिस्टर डेकर, यांचं बोलणं होईस्तोवर तुम्ही मध्ये बोलू नका हं, माईक सगळं पकडतो.” “मी कशाला बोलतोय? मला कुठं निवडणूक लढवायचीय?” ओरिन म्हणाला होता आणि हाताची घडी घालून बसला होता. हे मार्टिन सगळ्यांनाच सांगायचा. पोरं, कुत्री, नवरे, पंखे, सगळ्यांना गप्प केल्याशिवाय मुलाखत होत नाही. मग प्रश्न झाले, गायींचे, दुधाच्या भावाचे, छपराचे, आणि शेवटी तो प्रश्न. त्यानंतर काय झालं? मार्टिन गाडीत डोळे मिटून आठवायला लागला, आणि त्याला ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा काटा आठवला. काटा खाली पडून राहिला होता आणि तो त्याच्याकडे बघत होता, बॅटरी गेली की काय म्हणून. लेटीकडे त्यानं बघितलंच नव्हतं. एवढा वेळ ती बाई कुठं बघत होती, चेहरा कसा झाला होता, हात कुठं होते, काही म्हणजे काही त्याच्यापाशी नव्हतं. ती जागा त्यानं कापली होती, आणि त्याआधी ती पाहिलीही नव्हती.

त्याचे वडीलही लेटीसारखेच होते, उत्तराआधी थांबणारे. चामड्याच्या कारखान्यातून यायचे, हात कितीही धुतले तरी कमावलेल्या कातड्याचा वास जायचा नाही, आणि टेबलाशी बसले की जेवायचे. आई विचारायची, “रविवारी तुझ्या भावाकडं जायचं का?” वडील घास चावायचे. त्या चावण्यावरून आईला कळायचं, आणि मोठ्या बहिणीलाही कळायचं. जरा लवकर गिळलं तर जायचं, चावत राहिले तर नाही. मार्टिनला मात्र ते सहन व्हायचं नाही. तो बोलायला लागायचा. चमचा तोंडापुढे धरून बेसबॉलचं समालोचन करायचा, साबणाची जाहिरात म्हणायचा, हवामान सांगायचा. आई हसायची, बहीण हसायची. वडील एकदाच म्हणाले होते, स्लोव्हाक भाषेत, जेवणावरून मान न उचलता, “हा पोरगा भोकं बुजवतो.” ते कौतुक होतं की तक्रार, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. वडील गेले तेव्हा दवाखान्यातही तोच बोलत होता, नर्सशी, गाडी लावायच्या जागेबद्दल. आता पुडक्यातलं पाणी पँटीवर ओघळायला लागलं, तेव्हा त्यानं गाडी सुरू केली. सवयीनं रेडिओ लागला, आणि त्यातून त्याचाच आवाज आला, उद्याच्या कार्यक्रमाची घोषणा करणारा, गुळगुळीत. त्यानं बटण दाबून तो बंद केला. असं त्यानं यापूर्वी कधी केल्याचं त्याला आठवेना.

सोमवारी ग्वेन टटल टेबलाशीच सँडविच खात होती. ती वृत्तविभागाची प्रमुख, बुद्धीनं तल्लख, पायात बारा महिने बर्फाचे बूट. मार्टिन म्हणाला, “मला एक दुरुस्ती लावायचीय. डेकरबाईंच्या मुलाखतीत मी उत्तराआधीची शांतता कापली.” “आपण सगळेच कापतो. शब्द तिचेच ना?” “शब्द एकच होता.” “मग झालं तर.” “झालं नाही, ग्वेन. ती लगेच ‘हो’ म्हणाली असं वाटतंय, आणि ती लगेच म्हणाली नव्हती.” ग्वेननं रुमालानं तोंड पुसलं आणि बातम्यांचा आवाज काढून म्हणाली, “आमच्या वृत्तात श्रीमती डेकर लवकर हो म्हणाल्या, प्रत्यक्षात त्या उशिरा हो म्हणाल्या. चुकीबद्दल क्षमस्व. असं वाचू मी? लोक म्हणतील, या रेडिओवाल्यांना काही कामधंदा नाही.” मार्टिननं तिच्या कानांवर हेडफोन चढवला आणि मूळ ध्वनिमुद्रण लावलं. ग्वेन ऐकत होती. आधी सँडविच चावता चावता, मग न चावता. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर आले, टेबलावर गेले, पुन्हा वर आले. शेवटी हेडफोन काढून ती म्हणाली, “अरे देवा. यात तर माणूस म्हातारा होतो.” मग थोड्या वेळानं, “आपल्याला बाजूची माणसं कमी पडत होती, म्हणून का रे?” “मला माहीत नाही,” मार्टिन म्हणाला. तेच खरं होतं आणि तेच त्याला छळत होतं. सरळ लबाडी केली असती तर निदान ती कुठं केली ते बोट ठेवून दाखवता आलं असतं. इथं हात आपोआप गेला होता, आणि हाताला मनातलं ठाऊक होतं की नाही, कोण सांगणार? “बाईला विचारलंस?” ग्वेन म्हणाली. त्यानं तिथूनच फोन लावला. लेटीचा बारीक आवाज आला. त्यानं सगळं सांगितलं, आणि पलीकडे नेहमीसारखी शांतता झाली. या वेळी त्यानं ती बुजवली नाही, जीव मुठीत धरून बसला. “लावायचं तर लावा,” लेटी अखेर म्हणाली. “ओरिन संध्याकाळच्या बातम्या ऐकतो. बाकी काही ऐकत नाही तो आता.”

गुरुवारी संध्याकाळी मार्टिननं स्वतः दोन वाक्यांत सांगितलं, की मागच्या वृत्तात एका उत्तराआधीचा विराम वेळेअभावी गाळला होता, तो आता जसाच्या तसा ऐकवत आहोत. मग त्याचा प्रश्न वाजला. मग शांतता सुरू झाली. स्टुडिओत बसून तो ऐकत होता. आधी अंगावर काटा आला, कारण रेडिओवाल्याला शांततेची भीती लहान मुलाला अंधाराची असते तशी असते. मग हळूहळू त्या शांततेत काही काही दिसायला लागलं. फ्रिजची घरघर, कुठंतरी भांड्यात ठिबकणारं पाणी, एक खुर्ची किंचित करकरली. आणि मग ‘हो’. इतकं थकलेलं ‘हो’ त्यानं आधी ऐकलंच नव्हतं. त्याच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तो बाहेर आला तर सगळे फोन एकदम वाजत होते आणि ग्वेन कपाळाला हात लावून उभी होती. टेकडीवर, मनोऱ्यापाशी एक यंत्र असतं. हवेत बराच वेळ आवाज गेला नाही तर ते समजतं की केंद्र बंद पडलं, आणि आपणहून राखीव फीत सुरू करतं. लेटीच्या स्वयंपाकघरातली घरघर त्या यंत्राच्या लेखी आवाजच नव्हती. स्टुडिओत लेटी ‘हो’ म्हणाली तेव्हा साऱ्या खोऱ्यात त्या फितीवरची बासरी वाजत होती, आणि बासरीनंतर वर्गणीच्या आठवड्यात भरून ठेवलेला ग्वेनचा कळकळीचा आवाज, “तुमच्या मदतीशिवाय हे केंद्र मुकं होईल.” एक गृहस्थ फोनवर ओरडत होते, की बाई नाही म्हणणार होती म्हणून गॅस कंपनीनं तिचा आवाज तोडला. दुसऱ्या फोनवर एक बाई शपथेवर सांगत होती, की बाई हो म्हणणार होती म्हणून पर्यावरणवाल्यांनी तोडला. ग्वेन दोन्ही फोन दोन कानांना लावून म्हणाली, “इतक्या वर्षांत या यंत्राची आठवणच कुणाला झाली नाही. होणार कशी? आपल्याकडं कुणी एवढा वेळ गप्पच बसलेलं नाही.” आणि ती हसायला लागली, मग मार्टिनही हसला. हसता हसता त्याला ओरिन आठवला, आणि हसू तिथंच राहिलं.

शुक्रवारी लेटीचा फोन आला. “मिस्टर ह्लावाती, मला काही बासरी वाजवता येत नाही.” त्यानं माफी मागितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “ओरिन दिसत होता मला त्याच्या खिडकीत. रेडिओला कान लावून बसला होता. मग उठला आणि बंद केला. उद्या येता का? ते यंत्र घेऊन या.” शनिवारी दुपारी तो नदीकाठच्या रस्त्यानं निघाला. पानं गळून गेली होती, डोंगर केस कापल्यासारखे दिसत होते, अंगणाअंगणांत पाट्या मात्र टवटवीत होत्या. लेटीच्या अंगणात कुठलीच पाटी नव्हती. तिनं कॉफी दिली, सफरचंदाच्या रसातले तळलेले वडे पुढं केले आणि समोर बसली. मग म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी विचारलंत तेव्हा मी ओरिनकडं बघत होते.” मार्टिननं कप खाली ठेवला. “मला काही विचारलं की मी त्याच्याकडं बघते. लहानपणापासून. वासरू विकायचं, खत घ्यायचं, माझं लग्न ठरत होतं तेव्हासुद्धा. मी बघते आणि तो बोलतो. त्या दिवशी मी बघत राहिले, आणि तो बोलेचना. तुम्ही त्याला गप्प बसवलं होतंत ना.” हे ती आरोप केल्यासारखं म्हणाली नाही, गाय का आटली ते सांगावं तसं म्हणाली. “मग तुम्ही ताटकळलेले, ते यंत्र ताटकळलेलं. म्हणून मग मीच म्हटलं.” “पण तुम्हाला काय म्हणायचं होतं?” मार्टिननं विचारलं. लेटी खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर रस्ता होता, त्यापलीकडे ओरिनचं घर, आणि त्याच्या मागं ते दोघांचं रान, जे उतरत उतरत ओढ्याकडे गेलं होतं. कॉफीवर साय धरेपर्यंत ती बघत होती. “मला कळत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर बघत होते.”

मग तिनं सांगितलं की बातमी लागली त्या संध्याकाळी ओरिन जेवायला आला नाही. ती ताट झाकून घेऊन गेली तर दारातच म्हणाला, तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. ती म्हणाली, बघितलं. तो म्हणाला, मलाही तसंच वाटत होतं, पण मी ऐकलं ना रेडिओवर, त्यांचा प्रश्न संपायच्या आत तू हो म्हणालीस. “आता रेडिओ खोटं बोलतो असं मी कसं म्हणणार?” लेटी म्हणाली. “आमच्या बापानं युद्धाच्या बातम्या त्याच्यावर ऐकल्या. ओरिन माझ्यावर एकवेळ ठेवणार नाही, पण त्याच्यावर विश्वास ठेवतो. आता सकाळची धार तो काढतो, संध्याकाळची मी. समोरासमोर यायला नको. गायींनासुद्धा कळलंय, त्या दूध चोरायला लागल्यात.” तिनं वड्यावरची साखर बोटानं झटकली. “तुमच्या विहिरीचं जे व्हायचं ते होईल हो. सरकार बघून घेईल. पण मला एकटीला जेवायची सवय नाही.” मार्टिनला एकदम भडभडून आलं. वर्षानुवर्षं तो या प्रश्नाची आकडेवारी सांगत होता, किती एकर, किती ट्रक, किती पाणी, आणि त्यात कुठंही एका म्हाताऱ्या बाईचं झाकलेलं ताट आलं नव्हतं. तो उठला आणि यंत्र काखेत मारून रस्ता ओलांडून गेला.

ओरिननं दार उघडलं, त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “या, बासरीवाले.” आत शेगडीवर पातेल्यात बटाटे रटरटत होते. टेबलावर एकच काटा, एकच सुरी. “एक ऐकवायचंय,” मार्टिन म्हणाला. “कापलेलं की न कापलेलं?” “न कापलेलं.” ओरिन बसला. मार्टिननं यंत्र टेबलावर ठेवलं, आवाज मोठा केला. प्रश्न झाला आणि शांतता सुरू झाली. ओरिननं आधी मान तिरकी केली, एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून. मग त्याची मान हळूहळू सरळ झाली. टेबलावरचा त्याचा हात काट्याशी चाळा करत होता, तो थांबला. फ्रिज घरघरत होता, पाणी ठिबकत होतं. ‘हो’ आलं आणि गेलं. “पुन्हा लाव,” ओरिन म्हणाला. मार्टिननं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ओरिन खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि तसाच ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, “एवढा वेळ?” “एवढा.” “मला वाटलं क्षणभर होता. एवढ्या वेळात माणूस गोठ्यात जाऊन येईल.” “त्या तुमच्याकडे बघत होत्या,” मार्टिन म्हणाला, “आणि मी तुम्हाला बोलू नका म्हणालो होतो. चूक माझी आहे.” ओरिन वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट काहीसं ओशाळं हसू होतं. “तू कोण रे मला गप्प बसवणारा? मी माझ्या बापाच्या सांगण्यानं गप्प बसलो नाही. मास्तरच्या बसलो नाही. पाद्र्याच्या तर अजून बसत नाही.” तो खुर्चीत बसला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून. “मी असं म्हणत होतो मनाशी, की तिनं विचारलंच नाही, नाहीतर मी नाही म्हणालो असतो. चांगलं होतं ते. ते धरून मला निवांत झोप लागत होती.”

मार्टिनच्या जिभेवर शब्द आले, काहीही, बटाट्यांविषयी, हवेविषयी. त्यानं ते गिळले. यंत्र बंद होतं, त्याचा काटा खाली पडलेला होता, आणि आज तो ओरिनच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्या चेहऱ्यावर बरंच काही येत-जात होतं. छपराचे पत्रे, रेषेपलीकडच्या लोकांचे नवे ट्रक, ओढा, गोठ्यातल्या दहा गायी. की हे सगळं मार्टिनच्याच डोक्यातलं होतं आणि म्हातारा भलतंच काही आठवत होता? “मला ‘हो’च हवं होतं,” ओरिन अखेर म्हणाला. “ती बघत होती तेव्हा मला चांगलं दिसत होतं ती बघतेय ते. मी मोज्यांकडं बघत बसलो. म्हटलं, हिलाच म्हणू दे. उद्या पाणी नासलं, ओढ्यात मासे मेले, शेजारी दारात येऊन बोलले, तर ते हिचं असेल, माझं नसेल. आणि पैसे मात्र दोघांचे.” त्यानं टेबलावरची सुरी सरळ केली. “हे लावणार तू रेडिओवर?” “नाही,” मार्टिन म्हणाला. “यंत्र बंद आहे.” “मग तिला कसं कळायचं?”

ओरिननं बंद यंत्राकडे पाहिलं, मार्टिनकडे पाहिलं, जणू दोघांपैकी कुणीतरी जबाबदारी घेईल अशी त्याला अजून थोडी आशा होती. मग गुडघ्यांवर हात टेकून तो उठला आणि कोट शोधू लागला. “बटाटे बघ,” दारातून तो म्हणाला. “खाली लागू देऊ नकोस.” मार्टिन पातेल्याशी उभा राहिला. खिडकीतून त्याला ओरिन रस्ता ओलांडताना दिसला, वाहन नसतानाही दोन्हीकडे बघून. लेटीचं दार त्यानं ठोठावायच्या आधीच उघडलं. दोघं उंबऱ्याशी उभी राहिली, तो बाहेर, ती आत. ओरिनचा एक हात हवेत वर गेला आणि तसाच राहिला, बोलता बोलता मध्येच थांबला असावा. लेटी त्याच्याकडे बघत होती. ती जराही हलली नाही, आणि इथून मार्टिनला एक शब्दही ऐकू येत नव्हता.